कोण होते पॉल आयस्लर? जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमागे आजही दिसते त्यांचे काम

गाडी १९७०च्या दशकातली. फ्यूल गेज अचानक बंद पडतो, डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. मेकॅनिक मीटर बाहेर काढून उलटा करतो. त्या काळातल्या अनेक गाड्यांत तिथे वायरींचा गुंता दिसत नाही. दिसतात त्या पातळ पट्टीवरच्या तांब्याच्या रेषा. ही प्रिंटेड सर्किटची कल्पना प्रत्यक्षात उतरवणारे इंजिनिअर म्हणजे पॉल आयस्लर.

छापखान्यातून सुचलेली कल्पना

आयस्लर यांचा जन्म १९०७ मध्ये व्हिएन्नात, ज्यू कुटुंबात झाला. १९३० मध्ये ते इंजिनिअर झाले, पण वाढत्या ज्यूद्वेषामुळे ऑस्ट्रियात हवी तशी नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी रेडिओविषयक नियतकालिकाचे काम केले आणि छपाईचे तंत्र जवळून पाहिले.

तेव्हा रेडिओतली प्रत्येक वायर हाताने जोडावी लागे. वेळ जाई, चुका होत. एकच पान हजार वेळा छापता येते, तर सर्किट का नाही, असा विचार त्यांनी केला.

रेडिओ वाजला, तरी नकार

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनमधल्या हॅम्पस्टेडच्या भाड्याच्या खोलीत त्यांनी प्रिंटेड सर्किटचा रेडिओ बनवला. तो वाजलाही. मात्र एका कंपनीने हे तंत्र नाकारले. वायरी जोडणाऱ्या महिला कामगार त्यापेक्षा स्वस्त पडत होत्या.

पुढे महायुद्ध पेटले. नाझींपासून वाचण्यासाठी आलेल्या आयस्लर यांनाच ब्रिटनने १९४० मध्ये शत्रुदेशाचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. १९४१ मध्ये सुटका झाली. त्यानंतर संगीताची स्वरलिपी छापणाऱ्या एका कंपनीने त्यांना संधी दिली. करार पूर्ण न वाचताच त्यांनी सही केली आणि शोधांचे हक्क कंपनीकडे गेले. १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाले.

हे तंत्र चालते कसे?

• विद्युतरोधक पट्टीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवतात.
• हव्या त्या रेषा शाईने छापतात.
• रसायनात बुडवल्यावर उघडे तांबे विरघळते, शाईखालच्या रेषा उरतात.
• त्यावर सुटे भाग सोल्डर करतात.

महायुद्धात अमेरिकेने लक्ष्याजवळ पोहोचताच स्फोट घडवणाऱ्या फ्यूजमध्ये प्रिंटेड सर्किट वापरले. १९४८ नंतर ते व्यापारी वापरात आले.

जुन्या गाडीला फायदा काय?

हादरे आणि उष्णता यांमुळे सोल्डरला केसासारखी तडा जाते, तर ओलाव्याने तांबे गंजते. पण सर्किट डोळ्यांसमोर उलगडलेले असते. मल्टिमीटरने एकेक रेषा तपासली की तुटलेली जागा सापडते. गंज साफ करून पुन्हा सोल्डर केले किंवा तुटलेल्या रेषेवर बारीक वायर जोडली, की अनेकदा काम भागते. नवा बोर्ड मिळत नसेल, तर गाडी वाचवण्याचा हाच मार्ग उरतो.

श्रेय मिळाले, पैसा नाही

त्यांच्याआधीही काहींनी अशा कल्पना मांडल्या होत्या. १९६३ मध्ये अमेरिकी न्यायालयात त्यांची पेटंट टिकली नाहीत. जगभर पसरलेल्या या तंत्रातून आयस्लर यांच्या हाती फारसे काही लागले नाही. तरीही ते नवे शोध लावत राहिले. १९९२ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ही बातमी ज्या फोनवर वाचली जात आहे, त्याच्या आतही प्रिंटेड सर्किटच आहे.