गुलामगिरीचे मूळ ओळखणारे महात्मा जोतिराव फुले

राहात्याहून मनमाड रस्त्याने अहिल्यानगरला आपण कामानिमित्त नेहमी जातो. तेव्हाच्या या अहमदनगरात अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरारबाई मुलींच्या शाळा चालवीत. ते काम जोतिरावांनी पाहिले आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनीही शिकवण्याचे धडे फरारबाईंकडे घेतले. आपल्या जिल्ह्याचा हा वारसा आम्ही फारसा सांगत नाही, याची खंत वाटते.

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, पुण्यातील माळी कुटुंबातला. मिशनच्या शाळेत शिकत असताना थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या हाती आला. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या मिरवणुकीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. पुढे शाळेच्या कामापायी सावित्रीमाईंसह वडिलांचे घर सोडावे लागले. तरीही त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

याच काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. ते का झाले? दक्षिणेतील राज्यांच्या स्वायत्ततेसाठी झाले, असे आजही काही लोक सांगतात. पण ही स्वायत्तता कशासाठी हवी होती? माणसे विकत घेण्यासाठी आणि राबवण्यासाठी! १८६० साली तेथे सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. त्यांच्या फुकटच्या घामावर कापसाचे मळे उभे होते. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची की नाही, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. ती पसरू देणार नाही म्हणणारे अब्राहम लिंकन निवडून येताच दक्षिणेतील राज्ये फुटू लागली. अखेर ती ११ झाली. फुटताना काही राज्यांनी गुलामगिरीचे कारण स्वतःच्या जाहीरनाम्यात लिहून ठेवले आहे. मळेवाले आणि त्यांचे पाद्री तर बायबलचा आधार देऊन गुलामगिरी ईश्वरी ठरवीत.

त्या युद्धाची झळ आपल्याकडेही आली. अमेरिकेचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यानंतर दुष्काळ, जबर शेतसारा आणि सावकारी व्याज यांनी शेतकरी नाडला गेला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली.

त्याआधीच, १८७३ साली, जोतिरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. या अर्पणात जोतिरावांचे मोठेपण दिसते. दूरदेशीच्या काळ्या माणसाच्या बेड्या आणि इथल्या शूद्रातिशूद्रांची अवस्था यांचे नाते त्यांनी ओळखले. तेथे बेडी लोखंडाची होती, येथे ती धर्मग्रंथांच्या नावाने मनाला घातलेली होती. म्हणूनच आपल्या बांधवांनीही शूद्रांना मुक्त करण्यात अमेरिकेचा धडा घ्यावा, अशी आशा त्यांनी त्या पानावर व्यक्त केली.

अमेरिकेत १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. पण काळ्यांवरचा जुलूम नव्या रूपात चालूच राहिला. आपल्याकडे काय झाले? गावकी आणि वतनाच्या नावाखाली आपल्या आजोबा-पणजोबांना गावाची वेठ करावी लागे, सांगावे पोहोचवावे लागत, मेलेली ढोरे ओढावी लागत. १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. तथागत बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतिरावांना त्यांनी गुरू मानले, आणि १९५६ साली धम्मदीक्षा देऊन मनाची बेडी तोडण्याचा मार्ग दिला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. आम्ही दरवर्षी त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. पण गुलामगिरीचे खरे कारण झाकून तिला परंपरा, रीत, अस्मिता अशी गोंडस नावे देणारे आजही आहेत. त्यांना नाव घेऊन कारण विचारणे, हेच जोतिरावांना खरे अभिवादन ठरेल. आपल्या विहारात मुलांना हा इतिहास सांगूया.

जय जोती, जय भीम!