जुनी स्कुबा टाकी घ्यायची आहे? आधी झाक कुस्तो यांची गोष्ट वाचा

जुना फोन घेताना आपण आयएमईआय तपासतो, बॅटरी हेल्थ बघतो. जुनी स्कुबा टाकी घेताना मात्र बरेच जण वरचा चकचकीत रंग बघून खूश होतात. अशा वेळी मला झाक कुस्तो आठवतात. ज्या माणसाने ही टाकी जगभर पोचवली, ते स्वतः टाकीतल्या हवेमुळेच मरता मरता वाचले होते.

कुस्तो यांचा जन्म १९१० सालचा, फ्रान्समधला. नौदलात गेले, वैमानिक व्हायचं होतं. १९३६ मध्ये मोटार अपघातात हात जबर जखमी झाले आणि विमानाचा विषय संपला. हातांत ताकद यावी म्हणून तूलाँच्या किनाऱ्यावर पोहू लागले. तिथे फिलिप तायिए या सहकाऱ्याने त्यांना पाण्यात बघायचा चष्मा दिला. मग काय, समुद्र सुटलाच नाही.

अडचण श्वासाची होती. तेव्हाच्या टाक्यांमधून हवा सतत वाहायची, त्यामुळे पटकन संपायची. शुद्ध ऑक्सिजन वापरून पाहिला, तर पाण्याखाली झटके आले, कारण दाबाखाली ऑक्सिजनच विषारी ठरतो.

१९४२ च्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यांची गाठ एमिल गान्यां या इंजिनिअरशी पडली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून गाड्या गॅसवर चालवायचे. इंजिन मागेल तेवढाच गॅस सोडणारा एक व्हॉल्व्ह गान्यां यांनी बनवला होता. इंजिनच्या जागी माणसाचं फुप्फुस, एवढाच काय तो बदल! १९४३ च्या जानेवारीत मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना ठीक चाललं, पण उभं राहिलं की हवा वाया जायची. हवा येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा एकाच पातळीवर आणली आणि प्रश्न मिटला. त्याच उन्हाळ्यात कुस्तो पाठीवर टाक्या बांधून समुद्रात उतरले.

आता मुद्द्याची घटना. १९४६ मध्ये कुस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा व्होक्लूझच्या खोल झऱ्यात उतरले. खाली गेल्यावर डोकं चालेना, द्युमा तर जवळजवळ बेशुद्धच. कसेबसे वर आले. टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढत होता. आत कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे ना रंग, ना वास.

त्यांच्याकडे टाकी चांगली होती, हवा वाईट होती. जुनी टाकी घेताना आपल्याला दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून आधी खांद्यावर ठोकलेले आकडे वाचा. अमेरिकी टाकीवर महिना आणि साल असतं. सर्वांत जुनी तारीख म्हणजे टाकीचं वय, पुढच्या तारखा हायड्रो टेस्टच्या. तिकडे ही टेस्ट दर ५ वर्षांनी लागते. टाकीत पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या ५/३ पट दाब देतात (२०७ बारच्या टाकीला साधारण ३४५ बार) आणि दाब काढल्यावर ती मूळ आकारात येते का ते बघतात.

पण टेस्ट पास म्हणजे सगळं ओके असं नाही. १९९० च्या आधीच्या बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या आहेत. त्यांच्या मानेत, आट्यांजवळ, हळूहळू चिरा पडतात आणि त्या हायड्रो टेस्टमध्ये सुटू शकतात. त्यासाठी एडी करंट नावाची वेगळी तपासणी लागते. मी तर अशी टाकी फुकटातही घेणार नाही. पोलादी टाकी नीट जपली तर कित्येक दशकं टिकते, मात्र आत पाणी राहिलं तर गंजते. आणि गंज बंद टाकीतला ऑक्सिजन खातो! म्हणजे गेज भरलेलं दाखवतं आणि आतली हवा श्वास घेण्याजोगी नसते. चकचकीत रंगाचंही तेच. अ‍ॅल्युमिनियमवर भट्टीत भाजून रंग चढवला असेल तर धातू कमजोर झालेला असू शकतो.

कुस्तो १९९७ मध्ये वारले, वयाच्या ८७ व्या वर्षी.

भारतात सिलिंडरवर पेसोचं नियंत्रण आहे आणि मान्यता नसलेला सिलिंडर भरायला परवानगी नाही. तेव्हा मालवण-तारकर्लीला वापरू म्हणून परदेशातून स्वस्तात टाकी उचलणार असाल, तर ती इथे भरून मिळेल का हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या. आणि विकणाऱ्याला टाकी पूर्ण रिकामी करून, जाणकाराकडून व्हॉल्व्ह काढून आतून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करायला लागला तर दुसरी टाकी शोधा.