आईस्क्रीमच्या दुकानाच्या पैशातून भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज उभं राहिलं

बारावी सायन्स आणि नीट म्हटलं की लातूर आणि नांदेडची नावं येतातच. मराठवाड्यातल्या गावागावांतून पोरं इथं क्लासेससाठी खोली करून राहतात. एमबीबीएस हुकलं की बऱ्याच जणांच्या घरी बीडीएसची चर्चा सुरू होते. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे आज डेंटल कॉलेज आहे. पण 1920 च्या आधी दाताचा डॉक्टर व्हायचं तर भारतात शिकायला कॉलेजच नव्हतं. ही परिस्थिती बदलणाऱ्या माणसाचं नाव डॉ. रफिउद्दीन अहमद.

त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1890 रोजी पूर्व बंगालमधला. अलीगढच्या कॉलेजमधून 1908 साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिका गाठली. आयोवा विद्यापीठातून 1915 मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. त्यानंतर बोस्टनमध्ये लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काही वर्षं काम केलं.

1919 साली ते भारतात परतले. तेव्हा दात दुखला की लोक न्हावी, वैदू नाहीतर रस्त्याकडेला बसणारा दात काढणारा गाठायचे. अहमद यांना नुसता स्वतःचा दवाखाना चालवायचा नव्हता, शिकलेली माणसं तयार करायची होती. पण कॉलेजला पैसा आणायचा कुठून?

त्यांनी कलकत्त्यात न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं आईस्क्रीमचं दुकान टाकलं. त्या कमाईच्या आधारावर 1920 मध्ये कलकत्ता डेंटल कॉलेज सुरू झालं. सुरुवातीला विद्यार्थी होते जेमतेम 11. दातांचं शिक्षण हे करिअर होऊ शकतं, यावर तेव्हा फार कुणाचा विश्वासच नव्हता. मोहम्मद अली जिनांची बहीण फातिमा जिना याच कॉलेजात शिकल्या आणि 1923 साली त्यांनी मुंबईत दवाखाना थाटला.

पुढे अहमद यांनी दंतवैद्यकाचं नियतकालिक काढलं, विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं, डॉक्टरांची संघटना बांधली. कुणीही उठून दाताचा डॉक्टर म्हणवून घेऊ नये म्हणून त्यांनी कायद्याचा आग्रह धरला. बंगालमध्ये 1939 साली तसा कायदा झाला आणि 1948 मध्ये तो देशभरासाठी आला.

या 1948 च्या कायद्यातली एक गोष्ट आजच्या पोरांसाठी महत्त्वाची आहे. त्यात फक्त डॉक्टर नव्हते. डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांनाही कायद्यानं वेगळी ओळख आणि वेगळी नोंदणी दिली.

डेंटल मेकॅनिक म्हणजेच आपण ज्याला डेंटल लॅब टेक्निशियन म्हणतो तो. डॉक्टर तोंडाचं माप घेतो आणि लॅबमध्ये पाठवतो. त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, मेणात दात बसवायचे, मग कवळी, कॅप किंवा ब्रिज तयार करायचा, हे सगळं टेक्निशियनचं काम. त्याचा हात अर्ध्या मिलिमीटरनं चुकला तरी कवळी टोचते आणि आजोबांची भाकरी ताटातच राहते. आता कॉम्प्युटरवर डिझाइन आणि मशीनवर कटिंग आलं असलं, तरी दाताचा आकार आणि चावा कळणारी नजर लागतेच.

यासाठी बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डेंटल मेकॅनिक कोर्स असतो. फी भरण्याआधी एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी. या कोर्सवर राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी होते का? होत नसेल, तर हातात नुसता कागद राहतो. दुसरी गोष्ट, टेक्निशियननं परस्पर पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही, तो अधिकार डॉक्टरचा.

1949 साली अहमद यांनी आपलं कॉलेज सरकारला देऊन टाकलं. आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. 1950 ते 1962 या काळात ते पश्चिम बंगालचे मंत्री होते. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि 9 फेब्रुवारी 1965 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस, 24 डिसेंबर, भारतात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

11 विद्यार्थ्यांपासून सुरू झालेलं हे शिक्षण आज लातूर-नांदेडपर्यंत पोचलंय. आणि त्यात खुर्चीशेजारी उभ्या डॉक्टरइतकीच, आत लॅबमध्ये बसलेल्या टेक्निशियनलाही जागा आहे.