घोणस चावली तरी रसेल, रक्त तपासलं तरी रसेल! हा डॉक्टर होता तरी कोण?

पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या बाईला दोन-तीनदा दिवस राहतात आणि दर वेळी गर्भ पडतो. मग डॉक्टर तपासण्यांची लांबलचक यादी लिहून देतात. त्यात एक नाव असतं डीआरव्हीव्हीटी. लॅबच्या काउंटरवर विचारलं तर रक्त गोठण्याची टेस्ट आहे एवढंच उत्तर मिळतं. पैसे भरले, रक्त दिलं, विषय संपला.

पण त्या नावाची फोड केली तर चक्रावायला होतं. डी म्हणजे डायल्यूट, पातळ केलेलं. आर म्हणजे रसेल. पुढचे दोन व्ही म्हणजे व्हायपर आणि व्हेनम. टी म्हणजे टाइम. थोडक्यात, बाईच्या रक्तातला पातळ भाग वेगळा काढतात, त्यात सापाचं अगदी पातळ केलेलं विष टाकतात आणि तो किती सेकंदांत गोठतो ते मोजतात. घाबरायचं कारण नाही, हे सगळं नळीत होतं, विष कुणाच्या अंगात जात नाही.

आणि साप कोणता? तर घोणस. चाकण, म्हाळुंगे, खेडच्या शेतांत आणि आता कंपन्यांच्या कंपाउंडलगतच्या गवतात सापडते तीच. इंग्रजीत तिला रसेल्स व्हायपर म्हणतात.

ज्या माणसाचं नाव या सापाला मिळालं, तो पॅट्रिक रसेल जाऊन दोनशे वर्षं उलटून गेली. पुणे जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी दवाखान्यात घोणस चावल्याची केस आली की त्याचं नाव निघतं आणि लॅबमध्ये ही टेस्ट लागली तरी निघतं.

रसेलचा जन्म १७२७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. बाप वकील, घर भावंडांनी भरलेलं. पोरगं तिथंच डॉक्टरी शिकलं आणि १७५० मध्ये थेट सीरियातल्या अलेप्पो शहरात जाऊन पोहोचलं. तिथं त्याचा सावत्र भाऊ अलेक्झांडर लेव्हंट कंपनीचा डॉक्टर होता. ही इंग्रज व्यापाऱ्यांची कंपनी, आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीसारखीच. तीन वर्षांनी अलेक्झांडर मायदेशी परतला आणि जागा पॅट्रिकला मिळाली.

अलेप्पोत तो जवळपास वीस वर्षं राहिला. १७६० ते १७६२ या काळात तिथं प्लेगनं थैमान घातलं. रसेल शहर सोडून गेला नाही. रोगी बघत राहिला आणि बघितलेलं लिहून ठेवत राहिला. या नोंदींचं जाडजूड पुस्तक निघालं ते १७९१ मध्ये, म्हणजे साथीनंतर तब्बल तीस वर्षांनी. घाईनं काही छापायचं नाही हा त्याचा स्वभावच दिसतो. मधल्या काळात अरबस्तानात देवी टोचायची पद्धत कशी आहे यावरही त्यानं रॉयल सोसायटीकडे लेख पाठवला होता. १७७७ मध्ये तो त्या सोसायटीचा फेलो झाला.

तोवर पन्नाशी आली होती, लंडनमध्ये बस्तान बसलं होतं. आयुष्याची गाडी इथंच थांबायला हरकत नव्हती. पण धाकटा भाऊ क्लॉड ईस्ट इंडिया कंपनीत होता आणि त्याची नेमणूक विशाखापट्टणमला झाली. क्लॉडची तब्येत नाजूक. घरात डॉक्टर एकच, तोही बिनलग्नाचा. मग काय, १७८१ मध्ये चोपन्न वर्षांचा पॅट्रिक भावासोबत हिंदुस्थानात येऊन दाखल झाला.

आला होता भावाची काळजी घ्यायला, पण लक्ष गेलं झाडांकडे, माशांकडे आणि सापांकडे. १७८५ मध्ये मद्रास इलाख्यातला कंपनीचा निसर्गतज्ज्ञ योहान केनिग वारला आणि ते काम रसेलकडे आलं. बांबूच्या पेरात सापडणारं वंशलोचन आपल्याकडच्या वैद्यांना नवीन नाही, त्यावरही त्यानं १७९० मध्ये लेख लिहिला. विशाखापट्टणमच्या दोनशे माशांचं वर्णन केलं. पण त्याला खरी काळजी होती ती सापाची.

त्या काळी सर्पदंशावर औषध नव्हतं. औषधं म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टी मात्र ढीगभर होत्या. सगळ्यात गाजलेली होती तंजावरची गोळी. तिच्यात सोमल असायचं, म्हणजे आर्सेनिक. गोळी घेऊन बरे झालेले लोक शपथेवर सांगायचे की हिच्यामुळेच वाचलो.

यात एक गोम आहे आणि ती आजही तशीच आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापसुद्धा प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे साप चावलेली बरीच माणसं काहीही न करता वाचतात. मग त्यांनी त्या वेळी जे केलेलं असतं, गोळी, मंत्र, देवळातला अंगारा, त्याला श्रेय जातं. ज्याला खरंच विष भिनलं तो सांगायला उरत नाही.

रसेलनं काय केलं? चावला कोणता साप हे नक्की माहीत असलेल्या प्राण्यांवर औषधं करून बघितली. कोंबड्या आणि कुत्र्यांना साप चाववले, किती वेळात काय झालं ते टिपलं, गोळी देऊन आणि न देता निकाल पाहिला. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. निकाल साफ होता. गोळीवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

त्याचा दुसरा प्रश्न होता, विषारी साप बघून ओळखायचा कसा? गावातल्या माणसालाही जमेल अशी सोपी खूण त्याला हवी होती. डोक्याचा आकार, खवले, शेपूट, सगळं तपासून झालं. भरवशाची खूण निघाली एकच, ती म्हणजे विषदंत. आता चावलेल्या सापाचं तोंड उघडून दात कोण बघणार?

मग त्यानं दुसरा रस्ता धरला. एकेक साप मिळवायचा, त्याचं हुबेहूब चित्र काढून घ्यायचं आणि लोक त्याला काय म्हणतात ते लिहायचं. त्यानं तेलुगू नावं आहेत तशी ठेवली. पट्टेरी मण्याराला तिथले लोक बंगारम पाम म्हणायचे, त्यातूनच पुढं मण्यारांच्या कुळाला बंगारस हे शास्त्रीय नाव मिळालं. आणि एक साप होता कटुक रेकुल पोडा. जाड अंग, त्रिकोणी डोकं, पाठीवर साखळीसारख्या डागांच्या रांगा. नागाच्या खालोखाल घातक साप हाच, असं रसेलनं नोंदवलं. हीच आपली घोणस.

विलायतेला परतल्यावर १७९६ मध्ये त्याचं कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचं मोठं रंगीत चित्रांचं पुस्तक कंपनीच्या खर्चानं निघालं. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ आणि नॉडर यांनी घोणशीला शास्त्रीय नाव देताना त्यात रसेलचं नाव गुंफलं. पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाचे भाग निघत असतानाच २ जुलै १८०५ रोजी लंडनमध्ये तो वारला. शेवटचे भाग तो गेल्यावर छापले गेले.

म्हणजे हिशेब मांडला तर रसेलच्या हाती औषध लागलं नाही, सोपी खूणही लागली नाही. साप मात्र पक्का ओळखीचा झाला. घोणशीच्या विषाचा अभ्यास करायचा तर आधी हातात घोणसच आहे याची खात्री लागते. ती खात्री त्याच्या पुस्तकापासून सुरू होते.

शंभर वर्षांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) कॅप्टन जॉर्ज लॅम्ब नाग आणि घोणस यांच्या विषाचा रक्तावर काय परिणाम होतो ते तपासत होता. तोवर एवढं कळलं होतं की नागाचं विष नसांवर घाव घालतं आणि घोणशीचं रक्तावर.

रक्तावर म्हणजे कसं, ते मोठं मजेशीर आहे. घोणशीचं विष रक्त पातळ करतं असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ते रक्त गोठवतं. आपल्या रक्तात गुठळी करणारे घटक असतात, जखम झाली की ते एकापाठोपाठ एक कामाला लागतात. घोणशीचं विष ही रांग मोडून थेट दहाव्या आणि पाचव्या घटकाला जागं करतं. अंगभर बारीक गुठळ्या व्हायला लागतात आणि सगळा माल त्यातच संपतो. महिन्याचा किराणा एकाच पंगतीत उडवल्यावर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटणार? तसं होतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येतं आणि थांबत नाही. मूत्रपिंडं बंद पडू शकतात ती वेगळीच.

हा गुण उलटा वापरायचं १९३४ मध्ये लंडनच्या ग्विन मॅकफर्लेन या तरुण डॉक्टरला सुचलं. त्याचा विषय होता हिमोफिलिया, ज्यात रक्त लवकर गोठतच नाही. प्राणिसंग्रहालयातल्या सापांची जबाबदारी असलेल्या बर्जेस बार्नेटला सोबत घेऊन त्यानं वेगवेगळी विषं तपासली. सगळ्यांत जोरदार ठरली घोणस. विष हजारो पट पातळ करून दात काढलेल्या जागेवर लावलं की हिमोफिलियाच्या रोग्याचंही रक्त थांबायचं. स्टिपव्हेन या नावानं ते औषध बाजारात आलं. मॅकफर्लेननंच पुढं १९६४ मध्ये गोठण्याच्या साखळीचा तो प्रसिद्ध आराखडा मांडला, जो आजही मेडिकलच्या पोरांना पाठ करावा लागतो.

औषध मागं पडलं, पण लॅबवाल्यांना एक हत्यार मिळालं. विष साखळीच्या नेमक्या एका कडीवर बोट ठेवतं, त्यामुळे पुढच्या कड्या नीट आहेत का ते स्वतंत्रपणे बघता येतं. दहाव्या घटकाला पुढचं काम करायला चरबीसारखे फॉस्फोलिपिड लागतात. काही जणांच्या शरीरात या फॉस्फोलिपिडशी भिडणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. नळीत त्यामुळे रक्त गोठायला उशीर होतो, शरीरात मात्र उलट नको तिथं गुठळ्या होतात, कधी पायात, कधी मेंदूत, कधी वारेत. वारंवार गर्भपाताचं हे एक कारण आहे, आणि कळलं तर त्यावर उपचार आहेत. हे पकडण्यासाठी पातळ विषाची टेस्ट १९८६ मध्ये पुढं आली. सुरुवातीच्या यादीतली डीआरव्हीव्हीटी ती हीच.

आता दुसऱ्या टोकाला या. चाकणजवळ रात्री शेतात पाणी द्यायला गेलेल्या माणसाला काहीतरी चावलं. अंधारात साप दिसला नाही. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला असेल तर घोणस असावी, पण नक्की कोण सांगणार? कधी घोणस अजगराचं पिल्लू समजून हातात घेतली जाते, कधी बिचाऱ्या बिनविषारी डुरक्या घोणशीला काठ्या बसतात. रसेलला पडलेला प्रश्न आहे तिथंच आहे, फक्त त्याचं उत्तर डॉक्टर आता सापाकडे शोधत नाहीत.

रोग्याचं दोन-तीन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं. वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी एकदा आडवी करायची. गुठळी झाली असेल तर ठीक. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं चावलंय आणि प्रतिविष लगेच सुरू करायला हवं. नाग आणि मण्यार चावल्यावर सहसा रक्त गोठतं, तिथं पापण्या जड होणं, श्वास अडकणं ही लक्षणं बघायची असतात.

यंत्र नाही, वीज नाही, खर्च जवळपास नाही. मात्र नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या पृष्ठभागाला लागूनच गोठण्याची सुरुवात होते. प्लॅस्टिकची घेतली किंवा साबणानं धुतलेली वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नसतं प्रतिविष दिलं जातं. मधेच हलवून बघणाऱ्यांनीही घोळ होतो. पहिल्यांदा गुठळी झाली म्हणून रोग्याला घरी सोडायचं नसतं, विष हळूहळू भिनतं, टेस्ट पुन्हा पुन्हा करावी लागते. प्रतिविष दिल्यावर साधारण सहा तासांनी परत बघतात, कारण संपलेला माल यकृताला नव्यानं तयार करायला तेवढा वेळ लागतो. मोठ्या हॉस्पिटलात जोडीला पीटी-आयएनआर मशीनवर काढतात, पण मध्यरात्री ग्रामीण रुग्णालयात ही काचेची नळीच कामाला येते.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. यात सगळ्यात मोठा वाटा घोणशीचा धरला जातो.

तंजावरच्या गोळीच्या जागी आज जे खरं औषध आहे, ते घोड्यांच्या रक्तापासून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच इंजेक्शन चालतं. मुंबईची हाफकिन ते बनवते, आणि चाकणहून पुणे-नाशिक रस्त्यानं पुढं गेलं की नारायणगावला प्रीमियम सीरम्स या कंपनीतही ते बनतं. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकनं कृपा केली तर अंतर तासाभराचं आहे.