किल्ली फिरवली की गाडी चालू होते, ती या माणसामुळे

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीला किल्ली लावली की नुसतं टक-टक वाजतं आणि आपण वैतागतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रोज चालणाऱ्या गाडीलाही पुढून लोखंडी हँडल मारावं लागायचं. ते उलटं फिरलं तर हात मोडायचा.

हे हँडल घालवलं चार्ल्स केटरिंगने. 1876 साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्म. डोळ्यांच्या त्रासामुळे कॉलेज मध्येच सुटलं, तरी 1904 ला पठ्ठ्या इंजिनिअर झालाच. कॅश रजिस्टरच्या कंपनीत असताना त्याने गल्ल्याला विजेची मोटर बसवली. काम क्षणभराचंच असेल, तर छोट्या मोटरकडूनही मोठा जोर काढता येतो, हे त्याने हेरलं. हीच आयडिया गाडीला लावली आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. इंजिन सुरू झालं की तीच मोटर बॅटरी चार्ज करायची.

आपल्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म थोडी थोडी वीज खातात आणि गाडी चालली नाही की ती भरून निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास चक्कर मारा. महिनाभर गावाला जाणार असाल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

केटरिंग 1958 ला गेला. पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा शोधही 1921 मध्ये त्याच्याच हाताखाली लागला होता. ते विषारी पेट्रोल भारतात बंद व्हायला 2000 साल उजाडलं.