फरशी पुसायचीही तयारी दाखवली अन् देवमाशांचा अभ्यासक झाला : रॉय चॅपमन अँड्र्यूज

गोडादरा (सुरत) : पडेल ते काम करायची तयारी ठेवून आलेला माणूस गोडादऱ्यात गल्लोगल्ली भेटतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या दारात १९०६ साली असाच एक २२ वर्षांचा तरुण उभा होता. नाव रॉय चॅपमन अँड्र्यूज. जागा रिकामी नाही असं सांगितल्यावर त्यांनी फरशी पुसायचीही तयारी दाखवली. संचालकांनी ठेवून घेतलं, तेही जनावरांच्या कातड्यात भुसा भरण्याच्या विभागात.

अँड्र्यूज यांचा जन्म २६ जानेवारी १८८४ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट गावचा. भुसा भरायची कला ते स्वतःच शिकले, त्याच कमाईवर कॉलेज केलं. १९०५ मध्ये नदीत नाव उलटली. सोबतचा मित्र बुडाला, हे कसेबसे वाचले.

म्युझियममध्ये त्यांच्या वाट्याला पहिलं मोठं काम आलं ते निळ्या देवमाशाच्या प्रतिकृतीचं. लांबी ७६ फूट, बनवली कागदाच्या लगद्याची. पाठोपाठ १९०७ च्या थंडीत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर खरा देवमासा मिळाला. गार पाण्यात, वाळूत बुजलेली हाडं एकेक करून त्यांनी आणि सहकाऱ्याने बाहेर काढली. तिथून देवमाशाने त्यांना धरलं ते धरलंच.

कॅनडाचा व्हँकुव्हर बेट, अलास्का, मग जपान. शिकारी बोटींवर चढायचं, मासा किनाऱ्यावर ओढला की कापायच्या आत मोजमाप, फोटो, टिपणं उरकायची. १९११-१२ च्या हिवाळ्यात ते कोरियातल्या उल्सान बंदरात राहिले. करडा देवमासा संपला, असं त्या काळी अनेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. जपानी शिकाऱ्यांच्या बोलण्यातून अँड्र्यूज यांना शंका आली, अन् उल्सानला पाहतात तर तोच मासा! १९१४ मध्ये त्यावर त्यांचा प्रबंध निघाला.

पण इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. संपला म्हणतात तो मासा जिवंत आहे, हे कळलं ते मेलेल्या माशांच्या ढिगातून. अँड्र्यूज मोजत होते, कंपनी कापत होती. पुढे शिकार चालूच राहिली आणि आशियाच्या किनाऱ्यावरचा हा देवमासा खरोखरच संपत आला; आज मोजकेच उरलेत. एकट्या अँड्र्यूज यांना दोष देता येणार नाही, तेव्हा अभ्यासाची दुसरी वाटच नव्हती. तरी १९१६ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच बंदूक आणि कॅमेरा शेजारी-शेजारी आहेत.

कॅमेऱ्याचा नाद मोठा. १९१३ मध्ये आर्क्टिकच्या सफरीवर गेले, देवमासा हाती लागला नाही; पण सील माशांचं चित्रीकरण मात्र असं करून आणलं की त्या काळी तसं कुणी पाहिलं नव्हतं. पत्नी यवेट याही फोटोग्राफर. दोघांनी युनान प्रांत पालथा घातला आणि १९१८ मध्ये मिळून पुस्तक लिहिलं.

मग आलं गोबीचं वाळवंट. १९२२ पासून डॉज मोटारी, पेट्रोल वाहणारे उंट आणि सोबत सिनेमाचा कॅमेरामन. १३ जुलै १९२३ ला सहकारी जॉर्ज ओल्सन यांना डायनासोरची अंडी सापडली. आपल्या गुजरातेत बालासिनोरजवळ रायोलीला तसली अंडी मिळाली ती १९८० च्या दशकात. गोबीतलं एक अंडं लिलावात ५,००० डॉलरला गेलं, तिथेच घोळ झाला. निधी जमवायचा हा लिलाव, पण हे आमचा खजिनाच पळवतात असं चीन-मंगोलियात वाटू लागलं. त्यांचा संशय अगदीच अनाठायी होता असंही नाही. १९३० नंतर मोहिमा बंद पडल्या.

१९३५ मध्ये अँड्र्यूज त्याच म्युझियमचे संचालक झाले. मात्र ऑफिसात बसून कारभार करणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. १९४२ ला पायउतार झाले आणि लिखाणाला लागले. १९५४ मध्ये मुलांसाठी देवमाशांवर पुस्तक लिहिलं. इंडियाना जोन्स हे सिनेमातलं पात्र त्यांच्यावरून घेतलं म्हणतात, पण ते पक्कं नाही.

११ मार्च १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या कार्मेल इथे वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. दफन बेलॉइटला, आपल्या गावी.