पालीचे गुरुजी आचार्य धर्मानंद कोसंबी

विहारात रोज आपण त्रिसरण-पंचशील म्हणतो. लहान मुलंसुद्धा घडाघडा म्हणतात. पण ही पाली भाषा महाराष्ट्राच्या कॉलेजात कोणी रुजवली, हे विचारलं तर फार थोड्यांना सांगता येईल. आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत पालीला जवळ असलेल्या प्राकृतातले लेख दोन हजार वर्षांपासून दगडावर आहेत. मधल्या काळात ते वाचणारे उरले नाहीत आणि लोकांनी लेणी पांडवांच्या नावावर टाकली. म्हणूनच या स्मरणिकेत आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. घरी नारळाच्या बागा होत्या, प्रकृती नाजूक, शाळा फारशी झालीच नाही. लग्न मात्र लहानपणीच झाले; पत्नी बाळाबाई. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे चरित्र वाचले आणि मन तिथेच अडकले. १८९९ साली, मुलगी माणिक तान्ही असताना, ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया! काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली सिलोनला पोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली श्रामणेर होऊन पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

इकडे बाळाबाईंचे काय? नवरा कुठे कुठे हिंडतोय, परत येणार की नाही, आणि पदरात लहान पोर. आपल्या महिला मंडळातल्या भगिनींना हा प्रश्न पडल्याशिवाय राहणार नाही, आणि तो पडलाच पाहिजे. धर्मानंदांच्या विद्वत्तेवर पुष्कळ लिहिले गेले, बाळाबाईंच्या त्या वर्षांबद्दल मात्र फारच थोडे. आम्हाला वाटते, पालीचे जे धन आपल्याला मिळाले त्याची किंमत त्या माउलीनेही मोजली आहे.

१९०६ साली चीवर उतरवून धर्मानंद पुन्हा संसारात आले. कलकत्त्याला पाली शिकवू लागले, पगारही चांगला होता. पण बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, आणि त्यांनी तेच पत्करले. (बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला पाठवणारे हेच सयाजीराव बरं का.) १९१० साली 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या कामासाठी अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात गेले. परत आल्यावर १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. या सहा वर्षांत त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी प्रा. पु. वि. बापट पुढे स्वतः मोठे पाली पंडित झाले. १९५६ च्या बुद्ध जयंतीला बौद्ध धर्माच्या २५०० वर्षांवर जो ग्रंथ निघाला, त्याचे संपादक हेच बापट.

१९१८ साली पुन्हा अमेरिकेला जाताना मात्र त्यांनी माणिक आणि ११ वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. जिला पाळण्यात सोडून गेले होते, त्या मुलीला त्या काळात अमेरिकेत कॉलेजचे शिक्षण दिले. दामोदर म्हणजेच पुढचे प्रख्यात गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

१९३७ च्या सुमारास त्यांनी मुंबईत परळला, कामगारांच्या वस्तीत, 'बहुजन विहार' उभारला आणि तिथेच राहिले. 'भगवान बुद्ध' हे पुस्तकही पुढे थोड्याच वर्षांत आले. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट त्यांनी जशीच्या तशी मानली नाही. शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्यावरचा तंटा हे कारण त्यांनी पुढे आणले. परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागामागे हाच पाण्याचा तंटा आहे.

गांधीजींशी त्यांचा स्नेह होता. आपल्यातल्या काहींना हे खटकेल, पण खरे ते लिहिले पाहिजे. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला, आजारपणात अन्न सोडून त्यांनी देह ठेवला. नागपूरची दीक्षा त्यांना पाहायला मिळाली नाही. हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग'ही १९५० साली, ते गेल्यानंतरच छापून निघाला. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र दामोदरांची मुलगी मीरा कोसंबी यांनी इंग्रजीत आणले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले.